बॅटरीवरचं बोट: एका मुलीच्या कथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव सांगत नाही. बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या काठाकाठानं गेलं की जी गावं लागतात त्यांतलं एक समजा. खाली पाण्याला भात, वर माळाला रताळी, आणि घरटी एखादा माणूस उद्यमबागेत कारखान्याला नाहीतर गोव्याला. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. मुलीची आणि तिच्या घरची ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. कथा मात्र तिची आहे तशीच आहे, तिला विचारून.

इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: संक्रांतीच्या मागंपुढं आमच्याकडं ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांचा मोसम असतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी अशी एकेका गावाची संमेलनं एकेका रविवारी. आमचं गाव या यादीत आहे का ते विचारू नका. सकाळी लेझीम आणि ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, मग कथाकथन, जेवणं, कविसंमेलन. खर्च गावाच्या वर्गणीतनं. पाहुणे वक्ते कोल्हापूर-पुण्याहून येतात आणि मांडवात बायाबापड्या शेवटपर्यंत बसलेल्या पाहून चकित होतात.

त्या वर्षी समितीनं ठरवलं की कथाकथनाच्या सत्रात एक कथा शाळेतल्या मुलाची असावी. काम माझ्याकडं आलं. दसऱ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या अकरा पोरांना घेऊन मी रोज सकाळी दोन तास बसायचो. विषय मीच दिला होता: घरचं माणूस चुकतंय हे दिसतंय, आणि आपण लहान आहोत.

सुरुवात महाभारतातल्या विकर्णापासून केली. द्यूतसभेत भीष्म-द्रोण गप्प असताना हा दुर्योधनाचा धाकटा भाऊ उभा राहिला आणि द्रौपदीला पणाला लावणं धर्माला धरून नाही असं म्हणाला. मी जरा रंगवूनच सांगितलं. मागनं एका पोरानं विचारलं, "सर, मग लढाईत तो कुणाकडनं होता?" कौरवांकडनं. भीमाच्या हातून मेला. वर्ग गप्प झाला. मग युयुत्सू सांगितला, धृतराष्ट्राचाच मुलगा, पण युद्ध सुरू व्हायच्या आधी पांडवांकडं निघून गेलेला. बिभीषण तर त्यांना ठाऊकच होता, आणि त्याचं नाव आपण कुठल्या शब्दाला जोडतो तेही ठाऊक होतं. घरभेद्या. एका मुलीनं विचारलं की जो घरात बसून गप्प राहतो त्याला काय शब्द आहे. मला आठवला नाही. हे विचारणारी मुलगी म्हणजे या प्रकरणातली मुलगी. वय तेरा, नववीत.

तिच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. कर्नाटकात 1963 च्या राजभाषा कायद्यापासून सरकारी कारभार कन्नडमध्ये चालतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथं कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत ही आमची जुनी मागणी. मोर्चे झाले, निवेदनं दिली. तोवर पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, येते ती कन्नडमध्ये, नोटीस येते ती कन्नडमध्ये. आणि घरात ती भराभर वाचणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा शाळकरी पोर, कारण शाळा मराठी असली तरी कन्नड विषय असतोच. ही मुलगी अख्ख्या गल्लीचे कागद वाचायची. बँकेचं पत्र, विजेचं बिल, रेशनकार्डाची भानगड. शेजारच्या भाऊबंदांच्या घरातली म्हातारी, जिला सगळे मोठी आज्जी म्हणतात, तीसुद्धा आपले कागद पदराखाली घेऊन हिच्याकडंच यायची. तिचा मुलगा गोव्याला.

आणि त्या दोन घरांत बांधावरून वाद होता. हद्दबस्तासाठी, म्हणजे हद्द मोजून नक्की करून घेण्यासाठी, अर्ज गेलेला होता. मला हे माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं?

तिनं काय लिहिलं

कथेतला मुलगा बाळू, वय अकरा. तिनं मुलगी न घेता मुलगा घेतला, हा तिचा पहिला आडोसा. बाळूचा बाप दरवर्षी नांगरताना शेजारणीच्या बांधाचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्यात घेतो. बांध कोरणं म्हणतात ते हेच. कुणी पाहत नाही, कारण पाहण्यासारखं काही नसतं; वर्षाला चार बोटं. पण शेवटी बांध सरकलेला आणि हद्दीचा दगड मात्र जुन्या जागी असं विचित्र दिसायला लागतं. म्हणून एका रात्री बाप पहार घेऊन दगड हलवायला जातो आणि बाळूला म्हणतो, बॅटरी घे.

आता तिचं एक वाक्य जसंच्या तसं: "रस्त्यानं कुणीतरी सायकल घेऊन चाललं होतं म्हणून मी बॅटरीच्या काचेवर बोट धरलं, तर बोट आतनं लाल झालं आणि मला ते माझं वाटेना."

हे वाचून मी वही मिटली आणि बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

दुसरा प्रसंग नोटिशीचा. मोजणीची तारीख कळवणारी नोटीस दोन्ही घरांना येते. शेजारची म्हातारी आपली नोटीस घेऊन बाळूकडं येते. बाप घराच्या पुढच्या सोप्यात दाढी करत बसलेला. बाळू वाचतो. शेवटी कन्नडमध्ये "हाजरिरबेकु" असं आहे, म्हणजे हजर राहिलं पाहिजे. तिला कन्नड येत नाही, पण हाजर हा शब्द तिच्याही बोलीत आहे. ती विचारते, "हाजर म्हंजे कवा?" बाप आरशातनं बाळूकडं बघतो.

सरकारी ऑफिसात, पंचांपुढं, कोर्टात नव्हे, एका घराच्या सोप्यात, एका तारखेवर हिनं सगळा न्याय-अन्याय आणून ठेवला होता. आणि तारीख सांगण्याचं काम ज्या पोराकडं आहे, ते रात्री जेवणार त्याच घरात आहे. मोठ्यांच्या गोष्टीत बिभीषण उठून समुद्र ओलांडतो. अकरा वर्षांचं पोर कुठं ओलांडणार? त्याला उद्या सकाळी त्याच बापाकडनं वहीला पैसे मागायचेत. असं द्वंद्व घेऊन लिहिलेल्या पुष्कळ मुलांच्या कथा मी तपासल्यात. त्यांतलं मूल बहुतेक वेळा लहान देहातलं मोठं माणूस असतं, भाषण करणारं. हिचं तसं नव्हतं.

शेवट मात्र पहिल्या खर्ड्यात तसलाच होता. बाळू सगळ्यांसमोर खरं सांगतो, बापाच्या डोळ्यांत पाणी येतं, तो म्हातारीचे पाय धरतो, टाळ्या.

पेच

पेच दोन होते आणि मी ते एकच समजलो. तिथंच घोळ झाला.

एक, कथेचा. शेवट खोटा होता, आणि तिलाही ते कळत होतं, कारण तेवढी पानं तिनं सुवाच्य अक्षरात लिहिली होती. बाकीच्यांत खाडाखोड.

दुसरा, गावाचा. कथा मांडवात वाचली गेली तर पहिल्या दोन मिनिटांत सगळं गाव ओळखणार होतं की बाप कोण, म्हातारी कोण. त्यात मांडवाचा खर्च ज्यानं उचलला होता तो मुलीचा सख्खा चुलता. मोजणी व्हायची होती.

या दोन्हींच्या मधे मी तिसरा निर्माण केला. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तिला थांबवून घेतलं आणि विचारलं, "हे तू बघितलंस का?"

"न्हाई सर. मनातनं लिवलंय." वही घेतली आणि गेली. पुढचे नऊ दिवस वर्गात शेवटच्या बाकावर बसली आणि माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

त्या प्रश्नाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात मला सुधारून घ्यावासा वाटणारा क्षण हाच. मी विचारलं काळजीपोटी, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर कुतूहल होतं. बोट लाल होणं ही गोष्ट कल्पनेतून येत नाही, ती पाहिलेलीच असणार, असा मला मास्तरकीचा भरवसा होता. पुढं डिसेंबरात वर्गात लाईट गेली, ढग आले होते, अंधारलं. कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली आणि बघतो तर चार-पाच पोरं लगेच आपापली बोटं त्यावर धरून लाल करून एकमेकांना दाखवायला लागली. कुठलंही पोर अंधारात बॅटरी हाती आली की हेच करतं. माझा पुरावा तेवढ्याच लायकीचा होता.

पण प्रश्न विचारून झाला होता. तोवर ती कथा लिहिणारी होती. त्या प्रश्नानं मी तिला साक्षीदार केलं, आणि बाळूसमोर जो पेच होता तोच तिच्यापुढं नेऊन ठेवला: खरं सांगितलं तर बापाविरुद्ध, नाही सांगितलं तर मास्तरापुढं खोटी.

पर्याय

समितीची एक लहान बैठक देवळात झाली. अध्यक्ष, तालुका कोर्टात वकिली करणारे एक सभासद, आणि मी. मी कथेचा गोषवारा सांगितला, मुलीचं नाव न घेता, जे अर्थातच व्यर्थ होतं.

अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. कथा नको. आणि त्यांचं कारण मला वाटलं होतं त्याहून निराळं निघालं. वर्गणीदार नाराज होईल हे ते म्हणालेच नाहीत. म्हणाले, "सर, 1 नोव्हेंबरला ही दोन्ही घरं काळ्या दिनाच्या सायकल फेरीत पुढं-मागं असतात. 1956 पासनं आपण एक हाय म्हणून टिकलोय. आणि तुम्ही मांडवात आपलीच माणसं आपल्याच म्हातारीला फसवूलालीत म्हणून दाखवणार?" 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला त्याच्या निषेधाचा हा दिवस. मला हे हसण्यावारी नेता आलं नाही. सीमाभागात घर या शब्दाचा पैस जरा मोठा असतो, आणि घरभेद्या हा शब्दही त्याच मापानं मोठा होतो. त्या पोरीच्या कथेवर एक कुटुंब नव्हे, एकात एक अशी दोन कुटुंबं दाटली होती. तरी मला वाटतं अध्यक्ष चुकत होते. आपली माणसं आपल्या भाषेत आपल्या चुकांची कथा ऐकू शकत नसतील तर संमेलन कशाला भरवायचं? हे मी तेव्हा बोललो नाही. नंतर सुचलं.

वकिलांनी दोन उपयोगाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की कथा हा काही पुरावा नव्हे, पण मूल साक्षीदार होऊ शकतं. कायद्यात वयाची खालची मर्यादा नाही. प्रश्न समजून नीट उत्तर देता आलं की पुरे. 1872 च्या पुरावा कायद्यात हे 118 कलमात होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 124 मध्ये आहे. म्हणजे कथा गाजली आणि वाद कोर्टात गेला, तर समोरचा वकील म्हणू शकतो, बोलवा त्या पोरीला.

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात प्रकाश पाडणारी होती. हद्द ठरवायला पोरीची गरजच नव्हती. मोजणी जुन्या टिप्पणावरून, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या नोंदीवरून, होते. पूर्वी 33 फुटी, 16 आण्यांची म्हणजे 16 भागांची साखळी होती, आता यंत्र आलं, पण आकडे कागदावरचेच. 330 फूट लांबीचा बांध दोन फूट सरकला असेल तर 660 चौरस फूट इकडचे तिकडं गेले. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. ते मोजणीत निघतंच. शिवाय सरकारनं बसवलेला हद्दीचा दगड हलवणं हा जुन्या दंड संहितेत 434 कलमाखाली गुन्हाच होता. ते बघायला सरकार आहे. म्हातारीला न्याय मिळायचा असेल तर तो एका तेरा वर्षांच्या मुलीच्या जिभेवर अवलंबून नव्हता. हे कळलं तेव्हा मला जो हलकेपणा वाटला, तो तिच्यापर्यंत पोचवायला मला आणखी आठवडा लागला.

इथं एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. कथेतून जर मुलाला मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार दिसला असता तर कथा, शेवट, संमेलन हे सगळं बाजूला ठेवावं लागलं असतं. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं, 2012 च्या, 19 वं कलम कळवणं बंधनकारक करतं आणि 1098 ही चाईल्डलाईन त्यासाठी आहे. तिथं मास्तरानं रसग्रहण करत बसायचं नसतं. बांधाची गोष्ट तशी नव्हती.

मग वेष पालटण्याचा पर्याय उरला. शेताच्या ऐवजी पाण्याची पाळी घ्या, गाव बदला, म्हातारीच्या जागी म्हातारा करा. मी तिला निरोप पाठवला. तिनं दोन पानं लिहिली आणि फाडली. दहाव्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली ती याच विषयावर. "सर, पाण्याला दगड नसतोय."

बरोबर होतं तिचं. दगड, बॅटरी आणि तारीख या तीन खुंट्यांवर कथा टांगलेली होती. एक काढली की खाली.

काय केलं

त्याच आठवड्यात तिची आई शाळेत आली. हातात पिशवी, बाजारला निघालेली. म्हणाली, "पोरगी नीट जेवंना झालीया. काय लिवलंय ते मला वाचून दाखवा."

मी दाखवलं. मुलीला न विचारता. हाही निर्णय चुकीचाच होता, पण त्यातून जे निघालं त्यामुळं मी स्वतःला त्याबद्दल फार बोलत नाही. आईनं सगळं ऐकलं, मधे एकदाही थांबवलं नाही. दगडाच्या प्रसंगाला पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सगळं बरं हाय सर. पण ह्यात त्या पोराची आई कुठं हाय? ती काय मेलीया?"

खरंच नव्हती. सबंध कथेत बाप, मुलगा, म्हातारी. मला इतक्या दिवसांत ते दिसलं नव्हतं.

"घरात नवरा रात्री पहार घेऊन जातोय, पोराला उठवून नेतोय, आणि बाईला कळंना? तिला ठावं असतंय की. ती काय करती ते लिव म्हणावं तिला." उठताना दारात थांबून म्हणाली, "ह्यांचं मी बघतो. तुम्ही त्यात पडू नका." घरात ती काय बोलली, कसं बोलली, मला आजही माहीत नाही.

मी मुलीला सांगितलं: तुझ्या आईला मी कथा वाचून दाखवली, आधी तुला विचारायला हवं होतं, चुकलं. आणि दुसरं: त्या दिवशी मी जे विचारलं ते विचारायला नको होतं, ते परत विचारणार नाही, कुणी विचारलं तर मीच उत्तर देईन की ही कथा आहे. तिसरं, मोजणी कशी होते ते समजावून दिलं. टिप्पण, साखळी, आकडे. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे कुणी सांगितलं न्हाई तरी कळतंय?" एवढंच विचारलं. कळतंय, म्हटलं.

मग आम्ही पुन्हा कथेवर बसलो. आता शेवटाचं काय?

टाळ्यांचा शेवट तिनं स्वतःच काढून टाकला. दुसऱ्या खर्ड्यात बाळू खोटी तारीख सांगतो, म्हातारी मोजणीला येत नाही, पुढं ती मरते आणि बाळू आयुष्यभर झुरतो. मी म्हटलं, म्हातारीला मारू नकोस, तिनं तुझं काय केलंय? हसली. पण हरकत खरी होती. म्हातारी मेली की बाळूला शिक्षा मिळते आणि वाचक सुटतो. तिसऱ्यात बाळू तारीख खरी सांगतो आणि बाप त्याला मारतो. हे घडू शकतं, पण मग कथा मार खाणाऱ्या पोराची होते आणि बाप राक्षस होतो. तिनंच म्हटलं, "तसा न्हाई तो." कोण तो, ते मी विचारलं नाही. एवढं मी एव्हाना शिकलो होतो.

शेवटचा खर्डा डिसेंबरात आला. त्यात आई होती. चुलीपुढं भाकरी थापताना तिला सगळं ऐकू येतं, म्हातारी "हाजर म्हंजे कवा?" विचारते तेव्हा तिचा हात थांबतो. भाकरीचा थापण्याचा आवाज बंद होतो. बाळू बापाच्या आरशाकडं बघत नाही, त्या बंद पडलेल्या आवाजाकडं त्याचं ध्यान जातं, आणि तो तारीख सांगतो. खरी. आवाज पुन्हा सुरू होतो.

बाप काही बोलत नाही. मोजणीच्या आदल्या रात्री पहार घेऊन उठतो आणि म्हणतो, बॅटरी घे. ते बांधावर जातात. रस्त्यानं कुणीतरी येतंय. बाळू बॅटरी धरतो आणि या वेळी काचेवर बोट ठेवत नाही. कथा तिथं संपते.

बाप दगड परत जुन्या जागी न्यायला आलाय की अजून सरकवायला, ते तिनं लिहिलं नाही. मी विचारलं. म्हणाली, "बाळूला पण ठावं न्हाई."

मी एक मात्रासुद्धा बदलली नाही. शुद्धलेखन तेवढं तपासलं.

परिणाम

कथा आमच्या गावच्या संमेलनात वाचली गेली नाही. ती सुचवण मुलीच्या आईची, आणि समितीतल्या आम्हा तिघा शहाण्यांना ती सुचली नव्हती याची मला आजही गंमत वाटते. संमेलनं दर रविवारी एकेका गावात असतात, तर मग दुसऱ्या गावाला वाचू दे की. तिथल्या समितीला मी कथा पाठवली, त्यांनी आनंदानं घेतली. आमच्या गावात एका मुलाची माकडांवरची विनोदी कथा झाली, चांगली झाली.

त्या दुसऱ्या गावच्या मांडवात ती उभी राहिली तेव्हा माईक तिच्या उंचीला खाली करायला कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून पहिलं पान ती टाचा उंचावून वाचत होती. "हाजर म्हंजे कवा?" या वाक्याला बायकांच्या बाजूनं हुंकार आला. संपल्यावर टाळ्या यायला वेळ लागला. मग पटका बांधलेला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि अध्यक्षांच्या परवानगीची वाट न बघता म्हणाला, "ही आमच्या गावची गोष्ट हाय. हिला कुणी सांगितली?" मांडव हसला, पण तो हसत नव्हता. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारच्या माणसानं हळूच विचारलं की कथेतलं गाव म्हणजे खानापूरकडचं ते तर नव्हे, कारण तिथं त्याच्या मेव्हण्याच्या बांधाचं अगदी असंच झालंय. त्या दिवशी मी चार गावांची नावं ऐकली. त्यांत आमचं नव्हतं.

मुलीचा बाप आला होता. मांडवात बसला नाही. मागं मोटारसायकली लावल्या होत्या तिथं उभा होता. कथा संपली तेव्हा मी वळून बघितलं तर तो जागेवर नव्हता. परत निघताना मात्र मुलगी त्याच्याच गाडीवर मागं बसलेली होती, मांडीवर स्मृतिचिन्ह, आणि गाडी नेहमीपेक्षा सावकाश चालली होती. यावरून काही अनुमान काढू नये हे मला कळतं.

मोजणी उन्हाळ्यात झाली. काय निघालं ते इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचक ते कथेशी ताडून बघणार.

आज असतं तर

विषय पुन्हा हाच देईन का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. देईन, पण पहिल्याच दिवशी मुलांना सांगेन की इथं लिहिलेलं खरं का खोटं असं कुणी विचारणार नाही, आणि कुणाला खरंच काही सांगायचं असेल तर त्याची जागा आणि वेळ वेगळी आहे. ही दोन दारं वेगवेगळी आहेत हे आधीच ठाऊक असतं तर ते नऊ दिवस वाचले असते.

देवळातल्या बैठकीला कथेचा गोषवारा न्यायलाच नको होता. तिघांनी चर्चा केली म्हणजे गोपनीय राहिलं असं आपल्याला वाटतं. गावात तीन माणसं म्हणजे तीन घरं.

आईला वाचून दाखवण्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. विचारून दाखवायला हवं होतं हे खरं. विचारलं असतं तर मुलगी नको म्हणाली असती हेही खरं. आणि मग कथेत आई आली नसती.

एक गोष्ट राहिली. मधे त्या गल्लीतून जात होतो. मोठ्या आज्जीला संध्या सुरक्षा पेन्शनचं कुठलंसं पत्र आलं होतं, कन्नडमध्ये. आता तिचा नातू गोव्याहून घरी आलाय, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, त्याला चांगलं कन्नड येतं. तरी म्हातारी पत्र पदराखाली घेऊन बांधापलीकडच्या घराच्या सोप्यात बसली होती. मुलगी वाचत होती. आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत होता.